संगणकावरील अभियोग्यता चाचणी : सल्लागार व्यवसायाचे प्रवेशद्वार

गावाची नळपाणी योजना असो, शहराचा विकास आराखडा असो किंवा एखाद्या महामंडळाच्या कारभाराची पुनर्रचना असो, कामाच्या आरंभी ‘सल्लागार’ हा शब्द आज हटकून कानी पडतो. प्रकल्प अहवाल तयार करणे, खर्चाचा अंदाज बांधणे, कामाचे टप्पे आखणे आणि झालेल्या कामाचे मोजमाप करणे ही जबाबदारी अनेकदा सल्लागार संस्थांकडे सोपविली जाते. पंचायत समितीच्या सभेत असे अहवाल ज्यांनी चाळले आहेत, त्यांना या व्यवसायाचा बाह्य परिचय आहेच. परंतु हे अहवाल लिहिणारी तरुण मंडळी कोण असतात, त्यांची निवड कशी होते आणि आपल्या तालुक्यातील एखादा हुशार पदवीधर त्यांच्यात का दिसत नाही, याचा विचार मात्र क्वचितच केला जातो.

या निवडीची पहिली पायरी म्हणजे संगणकावर, बहुधा घरबसल्या, ठरावीक वेळात द्यावयाची अभियोग्यता चाचणी होय. अर्ज केल्यानंतर थोड्याच दिवसांत उमेदवाराला चाचणीचा दुवा आणि मुदत कळविली जाते. त्या मुदतीत तो चाचणी देतो आणि पुष्कळदा मुलाखतीचा योग येण्यापूर्वीच त्याचा प्रवास तेथे संपतो. विषयाचे ज्ञान असूनही केवळ चाचणीचे स्वरूप अपरिचित असल्यामुळे मागे पडणारा उमेदवार हा वैयक्तिक दुर्दैवाचा विषय नव्हे. ज्या प्रदेशात मार्गदर्शन पोहोचत नाही, त्या प्रदेशाचे ते नुकसान आहे. म्हणूनच या चाचण्यांचे अंतरंग शिक्षक, अधिकारी आणि लोकप्रतिनिधी यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

चाचणीची परंपरा

मानसिक क्षमतेच्या मोजमापाचा आधुनिक आरंभ फ्रान्समध्ये झाला. शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना विशेष साहाय्य देता यावे, या हेतूने आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमॉन यांनी १९०५ मध्ये आपली चाचणी सिद्ध केली. पुढे १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली, तेव्हा सैन्यभरतीसाठी एकाच वेळी शेकडो लोकांना देता येईल अशी लेखी चाचणी तयार करण्यात आली आणि सुमारे १७ लाख जवानांची परीक्षा त्या पद्धतीने घेण्यात आली. ठरावीक वेळ, एकच अचूक पर्याय आणि झटपट तपासणी ही आजच्या संगणकीय चाचणीची लक्षणे मूलतः तेथूनच आली आहेत.

मराठी भाषकांनाही ही परंपरा अनोळखी नाही. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या चाचण्यांचे मराठी व कानडी मुलांसाठी रूपांतर केले आणि त्यासंबंधीचा त्यांचा ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. पुण्यात १९६२ मध्ये स्थापन झालेल्या ज्ञान प्रबोधिनीने विद्यार्थी निवडीसाठी मानसशास्त्रीय कसोट्यांचा पद्धतशीर उपयोग केला. बँकांच्या नोकरभरतीसाठी १९७५ मध्ये सुरू झालेली आणि १९८४ मध्ये स्वतंत्र संस्था बनलेली ‘आयबीपीएस’ मुंबईतच आहे. शालेय शिष्यवृत्ती परीक्षेतील ‘बुद्धिमत्ता चाचणी’ हा विषय तर खेड्यापाड्यांतील शिक्षकांच्या नित्य परिचयाचा आहे.

किंबहुना, शिक्षकवर्गाने अशा चाचणीचा अनुभव स्वतःही घेतला आहे. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेने डिसेंबर २०१७ मध्ये शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी प्रथम संगणकावर घेतली. या चाचणीत १२० मिनिटांत २०० प्रश्न सोडवावयाचे असतात, म्हणजे एका प्रश्नाच्या वाट्याला अवघे ३६ सेकंद येतात. ज्या शिक्षकाने ही परीक्षा दिली आहे, त्याला सल्लागार संस्थेच्या चाचणीतील वेळेचा ताण वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

सल्लागार संस्थांना चाचणी का हवी?

व्यवस्थापनविषयक सल्ला हा व्यवसाय अमेरिकेत रुजला. बोस्टन येथील आर्थर डी. लिटल या संस्थेचा उगम १८८६ चा. मॅकिन्झी ही संस्था शिकागोत १९२६ मध्ये, बोस्टन कन्सल्टिंग ग्रुप १९६३ मध्ये आणि बेन ही संस्था १९७३ मध्ये सुरू झाली. आज या व अशा अनेक संस्थांची कार्यालये भारतात आहेत आणि मुंबई, पुणे परिसरातील महाविद्यालयांतून त्या तरुणांची निवड करतात. त्याखेरीज लेखापरीक्षण, माहिती तंत्रज्ञान, नगररचना, जलव्यवस्थापन आणि ग्रामविकास या क्षेत्रांत सल्ला देणाऱ्या लहानमोठ्या संस्थाही आहेत.

या संस्थांकडे जागांच्या कितीतरी पटींनी अर्ज येतात. प्रत्येक अर्जदाराची मुलाखत घेणे शक्य नसते, म्हणून चाळणी लावावी लागते. ही चाळणी चाचणीच्या रूपाने लावण्यामागे आणखी एक कारण आहे. सल्लागाराचे दैनंदिन काम म्हणजे अपुऱ्या वेळात आकडेवारीचे तक्ते वाचणे, लांबलचक अहवालातून नेमका मुद्दा वेचणे आणि विस्कळीत माहितीतून नियम शोधणे. चाचणीचे तीन प्रमुख विभाग याच तीन कामांच्या लहान प्रतिकृती आहेत.

चाचणीचा कामाशी संबंध असला पाहिजे, हे तत्त्व कायद्यानेही मान्य केले आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर कंपनी या खटल्यात असा निर्णय दिला की, एखाद्या समाजगटाला प्रत्यक्षात वगळणारी परंतु कामाशी संबंध सिद्ध न होणारी चाचणी भरतीसाठी वापरता येणार नाही. चाचणी हे न्यायाचे साधन ठरू शकते, तसेच ते अन्यायाचेही ठरू शकते, याची ही जाहीर कबुलीच होती.

अंकीय तर्क : तक्त्याचे वाचन

पहिला विभाग अंकीय तर्काचा. यातील गणित दहावीच्या पलीकडचे सहसा नसते. टक्केवारी, गुणोत्तर, सरासरी, वाढ व घट एवढ्यावर बहुतेक प्रश्न सुटतात. कसोटी लागते ती तक्ता अचूक वाचण्याची. पुढील काल्पनिक उदाहरण पाहावे.

एका दूध संघाची तीन संकलन केंद्रे आहेत. पहिल्या केंद्राचे रोजचे संकलन एका वर्षात १,२०० लिटरवरून १,५०० लिटरवर गेले. दुसऱ्याचे २,००० वरून २,३०० वर. तिसऱ्याचे ८०० वरून १,०४० वर. सर्वाधिक टक्के वाढ कोणत्या केंद्राची?

घाईत वाचणारा पहिली दोन केंद्रे निवडतो, कारण तेथे ३०० लिटरची वाढ दिसते. परंतु पहिल्या केंद्राची वाढ २५ टक्के, दुसऱ्याची १५ टक्के आणि तिसऱ्याची, केवळ २४० लिटर असूनही, ३० टक्के आहे. पुढचा प्रश्न असा असू शकतो : संपूर्ण संघाची वाढ किती टक्के? तिन्ही टक्केवारींची सरासरी काढणारा उमेदवार सुमारे २३.३ टक्के हा पर्याय निवडतो आणि तो पर्याय प्रश्नकर्त्याने तेथे मुद्दाम ठेवलेला असतो. वस्तुतः एकूण संकलन ४,००० वरून ४,८४० लिटर झाले, म्हणजे वाढ ८४० लिटरची, अर्थात २१ टक्के आहे. निरनिराळ्या आकाराच्या गटांच्या टक्केवारींची सरळ सरासरी काढू नये, हा धडा चाचणीपुरताच नाही. तालुक्याचा अहवाल वाचतानाही तो उपयोगी पडतो.

शाब्दिक तर्क : ‘सांगता येत नाही’ हे उत्तर

दुसऱ्या विभागात एक उतारा देऊन त्याखाली काही विधाने दिलेली असतात. प्रत्येक विधान सत्य आहे, असत्य आहे की दिलेल्या उताऱ्यावरून सांगता येत नाही, हे ठरवावयाचे असते. हा विभाग दिसतो सोपा, पण आपल्याकडील विद्यार्थ्यांना तोच अधिक फसवितो. पुन्हा एक काल्पनिक उतारा घेऊ.

‘तालुक्यातील १२ गावांत पाणलोटाची कामे पूर्ण झाली. त्यांपैकी ९ गावांतील विहिरींची पातळी मार्चअखेर गतवर्षीपेक्षा वर होती. त्या वर्षी पाऊसही सरासरीहून अधिक झाला होता.’

पहिले विधान : कामे पूर्ण झालेल्या निम्म्याहून अधिक गावांत पातळी वाढली. हे सत्य आहे. दुसरे विधान : कामे पूर्ण झालेल्या प्रत्येक गावात पातळी वाढली. हे असत्य आहे. तिसरे विधान : पाणलोटाच्या कामांमुळे पातळी वाढली. येथे अनेकांची लेखणी चुकते. पाणलोटाच्या कामांनी पाणी वाढते हे ज्ञान वाचकाजवळ असते, म्हणून तो ‘सत्य’ असे उत्तर देतो. परंतु उताऱ्यात अधिक पावसाचाही उल्लेख आहे आणि दोहोंपैकी कशाचा वाटा किती, हे तेथे सांगितलेले नाही. म्हणून योग्य उत्तर ‘सांगता येत नाही’ हेच होय.

आपल्या वर्गांमध्ये ‘सांगता येत नाही’ हे उत्तर अज्ञानाचे लक्षण मानले जाते. प्रत्येक प्रश्नाला निश्चित उत्तर असलेच पाहिजे, अशी सवय विद्यार्थ्याला लहानपणापासून लागते. सल्लागाराच्या कामात मात्र पुराव्याची मर्यादा ओळखणे हा मोठा गुण समजला जातो, कारण अपुऱ्या माहितीवर दिलेल्या ठाम सल्ल्याची किंमत शेवटी दुसऱ्याला मोजावी लागते.

आकृतिबंध, खेळ आणि स्वभाव

तिसरा विभाग आकृत्यांचा किंवा संख्यामालिकांचा. ३, ६, ११, १८, २७ या मालिकेतील पुढची संख्या कोणती, असे विचारल्यास लगतच्या संख्यांतील फरक पाहावा. तो अनुक्रमे ३, ५, ७, ९ असा आहे, म्हणून पुढचा फरक ११ आणि उत्तर ३८. आकृत्यांच्या मालिकेत अनेकदा दोन किंवा तीन नियम एकाच वेळी चालू असतात. बाण प्रत्येक पायरीला घड्याळाच्या काट्याप्रमाणे पाव वळसा घेतो आणि त्याच वेळी ठिपक्यांची संख्या एकाने वाढते, असे समजा. पहिल्या आकृतीत बाण वर आणि ठिपका एक असेल, तर पाचव्या आकृतीत बाण पुन्हा वर आणि ठिपके पाच असतील. सर्व बदल एकदम पकडण्याऐवजी एकेका घटकाचा स्वतंत्रपणे मागोवा घेणे ही येथील गुरुकिल्ली होय.

अलीकडे काही मोठ्या संस्थांनी चाचणीला खेळाचे रूप दिले आहे. मॅकिन्झी या संस्थेची पूर्वीची लेखी परीक्षा ६० मिनिटांत २६ प्रश्नांची होती. तिची जागा पुढे संगणकीय खेळाने घेतली. त्याच्या एका प्रकारात वनस्पती व प्राण्यांच्या यादीतून, कोणी उपाशी राहणार नाही अशी अन्नसाखळी उभारावयाची असते. अशा खेळासाठी जीवशास्त्राचे विशेष ज्ञान लागत नाही. नियम नीट वाचणे, मर्यादा टिपून घेणे आणि एक निवड बदलली की तिचे परिणाम कोठवर जातात हे पाहणे लागते. अन्य काही संस्था संवादयंत्राच्या साहाय्याने एखाद्या उद्योगाची समस्या टप्प्याटप्प्याने सोडवून घेतात. स्वभावविषयक प्रश्नावल्याही पुष्कळ ठिकाणी असतात. त्यांत आदर्श दिसण्याच्या हव्यासाने परस्परविसंगत उत्तरे देण्यापेक्षा सरळ उत्तरे देणेच श्रेयस्कर ठरते.

गुणांचा हिशेब

शालेय परीक्षेत ३५ गुण म्हणजे उत्तीर्ण, हा हिशेब सर्वांच्या अंगवळणी पडलेला आहे. अभियोग्यता चाचणीत मात्र उमेदवाराची तुलना एका मानक गटाशी केली जाते. समजा, ३० पैकी २४ उत्तरे बरोबर आली आणि २०० जणांच्या मानक गटातील १३० जणांचे गुण त्याहून कमी होते, तर त्या उमेदवाराचे स्थान ६५ वे शततमक असे सांगितले जाते. म्हणजे ८० टक्के उत्तरे बरोबर येऊनही तो मागे पडू शकतो आणि कठीण चाचणीत निम्मी उत्तरे बरोबर येऊनही पुढे जाऊ शकतो.

काही चाचण्या अनुकूली असतात. बरोबर उत्तर दिले की पुढचा प्रश्न अधिक कठीण येतो, चुकले की सोपा येतो. अमेरिकेतील व्यवस्थापन अभ्यासक्रमांसाठीची जीमॅट परीक्षा १९९७ पासून या पद्धतीने संगणकावर होऊ लागली. अशा चाचणीत प्रश्न कठीण होत गेले म्हणून खचून जाण्याचे कारण नाही. ते प्रगतीचेच चिन्ह असू शकते. मात्र मागच्या प्रश्नाकडे परत जाण्याची मुभा पुष्कळदा नसते, म्हणून सूचना आधी वाचणे आवश्यक ठरते.

चुकीच्या उत्तराला गुण वजा होतात की नाही, हेही प्रथम पाहावे. वजावट नसेल तर एकही प्रश्न मोकळा सोडू नये. चार पर्यायांच्या प्रश्नात चुकीसाठी एकतृतीयांश गुण वजा होत असेल, तर डोळे मिटून केलेल्या निवडीचा सरासरी लाभ शून्य असतो. परंतु एक पर्याय निश्चितपणे बाद करता आला, तर उरलेल्या तिघांतून केलेली निवड सरासरीने एकनवमांश गुण मिळवून देते. एवढा हिशेब ठाऊक असला म्हणजे धाडस कोठे करावे आणि कोठे थांबावे, हे उमेदवाराला शांतपणे ठरविता येते.

तयारीची दिशा

तयारीने खरोखर फरक पडतो काय? या प्रश्नाला संशोधनाचे उत्तर आहे. क्षमता चाचणी पुन्हा दिल्याने आणि सरावाने गुणांत होणाऱ्या बदलाविषयी सुमारे ५० अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार सरासरी वाढ प्रमाण विचलनाच्या सुमारे एकचतुर्थांश इतकी आढळली. सोप्या भाषेत सांगावयाचे, तर मानक गटाच्या बरोबर मध्यावर असलेला उमेदवार साधारणपणे ६० व्या शततमकाच्या आसपास जातो. ही वाढ चमत्कार घडविणारी नाही, परंतु चाळणीच्या काठावर उभ्या असलेल्याला ती पलीकडे नेऊ शकते. शहरातील उमेदवाराला हा सराव महाविद्यालयातच मिळतो. खेड्यातील उमेदवाराची पहिली चाचणी हाच त्याचा पहिला सराव असतो. दोघांतील अंतराचा काही भाग केवळ यामुळे निर्माण होतो.

सहा आठवडे, रोज तासभर, एवढा अवधी पायाभूत तयारीस बहुधा पुरतो. पहिल्या आठवड्यात एक नमुना चाचणी पूर्ण वेळ लावून द्यावी आणि आपण कोठे कमी पडतो ते पाहावे. चाचण्या तयार करणाऱ्या आणि भरती करणाऱ्या अनेक संस्था असे नमुने विनामूल्य उपलब्ध करून देतात. दुसऱ्या व तिसऱ्या आठवड्यात टक्केवारी, गुणोत्तर आणि अंदाजी गणित पक्के करावे. पर्याय एकमेकांपासून दूर असतील तर ४९८ च्या जागी ५०० धरून उत्तर निवडता येते. चौथ्या आठवड्यात शाब्दिक तर्क, पाचव्यात आकृतिबंध आणि सहाव्यात पूर्ण लांबीच्या चाचण्या, असा क्रम ठेवावा.

यासोबत चुकांची वही ठेवणे फार उपयुक्त ठरते. प्रत्येक चुकीपुढे तिचे कारण लिहावे : नियम ठाऊक नव्हता, तक्ता चुकीचा वाचला, की वेळ संपला? तिन्ही आजारांना औषधे निराळी आहेत. पहिल्याला अभ्यास, दुसऱ्याला सावकाश वाचन आणि तिसऱ्याला प्रश्न सोडून पुढे जाण्याची सवय. केवळ शेकडो प्रश्न सोडवीत राहणाऱ्यापेक्षा मोजके प्रश्न सोडवून चुका तपासणारा अधिक पुढे जातो.

भाषेचा प्रश्नही टाळता येण्यासारखा नाही. या चाचण्या प्रामुख्याने इंग्रजीत असतात. मराठी माध्यमातून शिकलेल्या पदवीधराला तर्क कळतो, पण उतारा वाचण्यातच वेळ जातो. इंग्रजी वर्तमानपत्रातील अर्थविषयक पान, अर्थसंकल्पाचा सारांश किंवा शासनाचा आर्थिक पाहणी अहवाल यांतील एक उतारा रोज वाचून त्याचा आशय दोन वाक्यांत मराठीत लिहिणे, हा साधा व बिनखर्चाचा उपाय आहे. महाराष्ट्राची आर्थिक पाहणी मराठी व इंग्रजी या दोन्ही भाषांत प्रसिद्ध होत असल्यामुळे दोन्ही पाठ शेजारी ठेवून शब्दांची ओळख करून घेता येते.

चाचणीचा दिवस

घरून द्यावयाच्या चाचणीत उमेदवारालाच परीक्षा केंद्राची व्यवस्था करावी लागते. कॅमेरा, ध्वनिग्राहक आणि इंटरनेट यांची तपासणी आदल्या दिवशी करावी. मोबाइलवर चालणार नाही अशी चाचणी असल्यास लॅपटॉपची सोय आधीच पाहावी. वीज जाण्याची शक्यता लक्षात घेऊन बॅटरी पूर्ण भरून ठेवावी आणि इंटरनेटची दुसरी जोडणी हाताशी असावी. ओळखपत्र, कोरा कागद, लेखणी आणि मुभा असल्यास कॅल्क्युलेटर जवळ ठेवावा. मुदतीच्या अखेरच्या रात्रीपर्यंत चाचणी लांबणीवर टाकू नये. मध्येच संपर्क तुटला तर वेळ आणि पडद्यावरील संदेश टिपून ठेवून संस्थेच्या साहाय्य कक्षाला तत्काळ कळवावे.

दिव्यांग उमेदवारांनी अतिरिक्त वेळेची किंवा लेखनिकाची मागणी अर्जाच्या वेळीच करणे हिताचे असते. केंद्र शासनाने २०१८ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार लेखी परीक्षांत लेखनिकाची मदत घेणाऱ्या पात्र व्यक्तींना तासाला किमान २० मिनिटे अधिक वेळ देण्याचे सांगितले आहे. खासगी संस्थांचे नियम वेगवेगळे असले, तरी अशी विनंती करण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही.

दुसऱ्या व्यक्तीला आपल्या जागी बसविणे, शेजारी कोणास बसवून उत्तरे विचारणे किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाकडून ती मिळविणे हे मार्ग अप्रामाणिक तर आहेतच, शिवाय निष्फळही आहेत. कॅमेऱ्यावरील देखरेखीखेरीज अनेक संस्था मुलाखतीच्या वेळी पुन्हा लहानशी चाचणी घेतात आणि पुढच्या फेऱ्यांत तेच तर्क तोंडी तपासले जातात. तद्वतच, ‘चाचणीत उत्तीर्ण करून देतो’ असे सांगून पैसे मागणाऱ्यांपासून सावध राहावे. अशी आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी.

गावपातळीवर काय करता येईल?

या कामासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. ज्या ग्रामपंचायतीकडे संगणक आणि इंटरनेटची जोडणी आहे, तिने आठवड्यातून काही तास एक शांत खोली चाचणी देणाऱ्यांसाठी राखून ठेवली, तरी मोठी अडचण दूर होते. सार्वजनिक ग्रंथालये आणि अभ्यासिका यांना सरावाची पुस्तके व घड्याळ लावून घ्यावयाच्या सामूहिक चाचण्या सुरू करता येतील. गावातील जो तरुण अशी चाचणी देऊन आला असेल, त्याने आपला अनुभव इतरांना सांगण्याची प्रथा पडली, तर ते सर्वांत स्वस्त मार्गदर्शन ठरेल.

शिक्षकांचे कार्य याहून मूलगामी आहे. गणिताच्या तासाला पुस्तकातील काल्पनिक व्यापाऱ्याबरोबरच गावच्या अंदाजपत्रकाचा तक्ता फळ्यावर आला, भाषेच्या तासाला उताऱ्यात काय आहे आणि काय नाही हा भेद शिकविला गेला, आणि ‘सांगता येत नाही’ असे कारणासह सांगणाऱ्या विद्यार्थ्याला शाबासकी मिळाली, तर अभियोग्यतेची तयारी पदवीनंतर सहा आठवड्यांत उरकावी लागणार नाही.

चाचणीची मर्यादा

शेवटी एक गोष्ट विसरता कामा नये. बिने यांनी आपल्या चाचणीने मोजलेली क्षमता जन्मभर अचल राहते, हे मत मान्य केले नव्हते. शिक्षणाने ती वाढविता येते, असे त्यांचे प्रतिपादन होते. आजची संगणकीय चाचणीही विशिष्ट दिवशी, विशिष्ट भाषेत, विशिष्ट प्रकारच्या प्रश्नांवर मिळालेले यश दाखविते. माणसाची चिकाटी, लोकांशी बोलण्याची हातोटी, दुष्काळी गावाचे दुःख समजण्याची पात्रता तीत मोजली जात नाही. म्हणून एका चाचणीत आलेले अपयश हा कोणाच्याही बुद्धीवरचा निकाल समजू नये. अनेक संस्थांत ठरावीक कालावधीनंतर पुन्हा अर्ज करता येतो आणि चुकांची वही त्या वेळी कामी येते.

गावाच्या पाणी योजनेचा अहवाल लिहिणाऱ्यांमध्ये एखादा तरी असा असावा, ज्याने ते पाणी स्वतः शेंदले आहे. त्याच्या अनुभवाने तो अहवाल अधिक खरा होईल. पण त्याला तेथवर पोहोचण्यासाठी आधी तासाभराच्या एका चाचणीचा उंबरठा ओलांडावा लागतो. त्या उंबरठ्याची उंची कमी करणे कोणाच्या हाती नसले, तरी त्याची ओळख वेळेवर करून देणे हे शाळा, ग्रंथालय आणि ग्रामपंचायत यांच्या हाती निश्चितच आहे.